खलनायकाची सवय

पडद्यावरच्या खलनायकाने शांतपणे मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि समोर थरथरणाऱ्या माणसाच्या हातात दिलं. तो तोंड उघडणार, त्याच्या आत अख्खं थेटर ओरडलं, "नीट धर हं, पडलं तर फुटेल!" मग शिट्ट्या सुरू झाल्या.

बाबाही ओरडले. सत्तरी उलटली तरी त्यांचा आवाज खणखणीत होता.

त्यांच्या आणि आईच्या मधे बसलेल्या लेकीनेच हे वाक्य लिहिलं होतं. लिहिलं कसलं, आठवलं होतं. पहिल्या भागाच्या वेळी दिग्दर्शक म्हणाला होता, "आरडाओरडा करणारे खलनायक पैशाला पासरी मिळतात. ह्याला एखादी घरगुती सवय दे, म्हणजे तो लोकांच्या डोक्यातून जाणार नाही." तिने आपल्या घरातली दिली. मारायच्या आधी बाबा घड्याळ काढायचे आणि तिच्याच हातात द्यायचे. ती दोन्ही हातांनी ते घट्ट धरायची. तोंड झाकायला हात उरायचे नाहीत.

आज तिसऱ्या भागाचा पहिला खेळ. पहिले दोन बाबांनी पाहिलेच होते, पण आज तिला त्यांच्या शेजारी बसायचं होतं. माफीची आशा तिने केव्हाच सोडली होती. हे घडलं होतं, एवढं कुणीतरी एकदा कबूल करावं, बस्स.

मध्यंतर झालं. बाबांचा चेहरा नुसता फुलला होता.

"काय डोकं आहे गं तुझं! ते घड्याळ म्हणजे कहर आहे."

"तुम्हाला कुणी आठवलं का, बाबा?" तिने विचारलं.

बाबांनी विचार केला. अगदी मनापासून केला, तेच वाईट होतं.

"छे! असा माणूस असतो का कुठे? पण सिनेमात रंगवून सांगावंच लागतं." त्यांनी तिची पाठ थोपटली. ती आक्रसली, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. "पॉपकॉर्न आणतो. आईला कमी मिठाचे, माहीत आहे मला."

लोकांना "जरा पाय घेता का?" असं अदबीने विचारत ते रांगेतून बाहेर पडले.

ती मान खाली घालून बसून राहिली. इतकी वर्षं जे उराशी घेऊन ती जगली, ते ह्या माणसाच्या गावीही नव्हतं. तिला रडूसुद्धा येईना.

मांडीवरच्या पर्सचा पट्टा आई उगाच सरळ करत होती. तीन सिनेमे झाले, पण तिच्या तोंडून एकदाही 'छान' आलं नव्हतं. आईला मारामाऱ्या आवडत नाहीत, अशी लेकीने स्वतःची समजूत घातली होती.

"सगळं नाही लिहिलंस तू," आई म्हणाली.

"काय राहिलं?"

आई पुढच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "ह्यांचा हात घड्याळाकडे गेला की घरातल्या खिडक्या लागायच्या. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून."

लेक तिच्याकडे वळली.

"मीच लावायचे," आई म्हणाली. "पुढच्या भागात मलाही घाल."