दोन टिंबं

बेळगावच्या कंपनीत फाइली पाठवण्याचं सॉफ्टवेअर तपासताना स्वरालीला भगदाड सापडलं. पत्त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ लिहिली की कुणालाही बंद फोल्डरांत शिरता यायचं. गिऱ्हाइकांचे सर्व्हर तपासता तपासता निपाणीचा फोटो स्टुडिओ आला, तिच्या दादाचा. तिनं मनासारखं लग्न केल्यापासून त्याचा अबोला होता. दोन टिंबांनी उघडलेल्या यादीत एक फोल्डर होता, ‘बाळ’. दादाला बाळ झाल्याचं तिला बाहेरूनच कळलं होतं; त्यानं कळवलंही नव्हतं. तो चेहरा एका क्लिकवर होता. फोल्डर न उघडताच तिनं भगदाड बुजवलं आणि फोन लावला. “दादा, तुझ्या सर्व्हरचं मागचं दार उघडं होतं. लावलं मी.” “आत बघितलंस व्हय?” “न्हाय. बाळाचं नाव तेवढं सांग.” पलीकडे पाळणा करकरला. “ठेवलंय कुठं अजून? कानात सांगायला आत्या नव्हती. पुढच्या दारानं ये की गं.”