नारिंगी पान

फलकावरचा मजकूर प्रत्येकाच्या ताटाशेजारी छापून ठेवला होता. मार्गो डेगनने चष्मा लावून तो वाचला, आणि तोंडातला हॅमचा घास तोंडातच फिरत राहिला. 'रोंडा क्विस्ट, जलतरण. १९८४ च्या राष्ट्रीय विजेत्या. मोजणारी मैत्रीण चुकली, तरीही जिंकल्या.' आजवर हे नुसतं लोकांच्या तोंडी होतं. आता पितळेत उतरलं होतं. कॉलेजच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर, मानकरी खेळाडूंच्या रांगेत, कायमचं लागणार होतं. मार्गोची नात याच कॉलेजच्या संघात पोहते. रोज त्याच भिंतीसमोरून तिची ये-जा.

चाळीस वर्षं झाली, पण आयोवातलं हे एवढंसं गाव ती गोष्ट विसरायचं नाव घेत नाही. सगळ्यात लांबची शर्यत, सहासष्ट फेऱ्यांची, या काठापासून त्या काठापर्यंत एक फेरी. पोहणारीला आकड्यांचं भान कुठून राहणार? म्हणून संघातलीच एक मुलगी पलीकडच्या काठावर गुडघे टेकून बसते, आकड्यांची पानं एकेक उलटते आणि पाण्यात बुडवून दाखवते. त्या काठाला विषम आकडेच येतात. एकसष्ट, मग त्रेसष्ट, मग पासष्टच्या जागी आकडाच नाही, नुसतं नारिंगी पान. नारिंगी दिसलं की शेवटची फेरी, उरलासुरला जीव ओतून टाकायचा. मार्गोने त्रेसष्टच्या जागीच नारिंगी दाखवलं. रोंडा जिवाच्या आकांताने पोहली, काठाला हात लावला, डोकं वर काढलं, तर पंच हातवारे करत सांगतोय, अजून दोन राहिल्यात. रोंडाने मार्गोच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि वळली. त्या दोन फेऱ्या कशा काढल्या ते तिचं तिला ठाऊक. पण जिंकली. हातभर अंतराने का होईना, जिंकली.

पानं ओली होऊन चिकटली आणि दोन एकदम उलटली, असं मार्गोने सांगितलं. विजयाच्या धांदलीत कोण कशाला शहानिशा करतंय! पुढे मार्गो गावातल्या शाळेत गणित शिकवायला लागली, आणि नेमकं तेच नडलं. पस्तीस वर्षं पोरांनी तिला पाठीमागे 'चौसष्टबाई' म्हटलं. बेकरीवाला विचारायचा, डझनभर बन मी मोजून देऊ की तुम्ही मोजता? ती हसायची. वर्गात फळ्याकडे तोंड करून मात्र कधीकधी बराच वेळ उभी राहायची. आणि रोंडा? रोंडा मनाची वाईट नाही, पण गोष्ट रंगवायची भारी खोड. दर स्नेहमेळाव्यात तीच गोष्ट, दर वेळी हशा थोडा जास्त.

आज तर तिच्याच सन्मानाचं जेवण होतं. फलकावरचा कपडा निघाला, टाळ्या झाल्या, आणि तरुण क्रीडाप्रमुखाने तिच्या हातात अचानक एक भेट ठेवली. तलावाची कोठी आवरताना सापडलेली, तीच ती पानांची चळत. हॉलमध्ये एकदम खसखस पिकली. दोघीतिघींनी मार्गोच्या टेबलाकडे वळून पाहिलं. रोंडाला तर आयतंच मिळालं. आयुष्यभर मी ही पाण्यातूनच पाहिली, हातात आज पहिल्यांदा आली, असं म्हणून तिने एकसष्टचं पान वर काढलं. मग समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळाच्या सगळा त्या चळतीवर ओतला. बघा, अस्सं झालं होतं, म्हणाली, आणि अंगठ्याने पान उलटलं.

त्रेसष्ट आलं.

लोक हसले. रोंडाही हसली. पुन्हा एकसष्ट लावलं, शेजारच्याचा ग्लास ओतला, पुन्हा उलटलं. त्रेसष्टच. पानं पाटीसारखी जाड होती आणि दोन पानांत बोटभर फट होती. तिसऱ्या वेळी तिने दोन पानं हाताने दाबून धरली. सोडल्याबरोबर ती आपोआप सुटी झाली. आता कोणी हसत नव्हतं.

"मार्गो," रोंडा म्हणाली, "ही चिकटतच नाहीत गं."

मार्गो उठून उभी राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला खोटं बोलायचा कंटाळा आला.

"नाहीच चिकटत."

"मग?"

"तू दुसऱ्या नंबरावर होतीस. आणि नेहमीसारखा दम राखून पोहत होतीस. दर शर्यतीनंतर पाण्यातून बाहेर यायचीस ती गप्पा मारतच. हाका मारून उपयोग नव्हता, पाण्यात काही ऐकू येत नाही. माझ्या हातात फक्त पानं होती."

"आणि पुढच्या दोन फेऱ्या? मी बुडाले असते तर?"

"तू चिडलीस की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीस. मला माहीत होतं, तू मला शिव्या घालत पोहशील आणि जिंकशील."

रोंडाने विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मार्गो म्हणाली, तू इतकी रंगवून सांगायचीस, मोडवेना.

रोंडा माईकपासून बाजूला झाली. बाहीवरून पाणी निथळत होतं. मग चालत गेली, खाली पडलेला कपडा उचलला आणि फलक पुन्हा झाकून टाकला. क्रीडाप्रमुखाला म्हणाली, हा परत न्या, दुसरा करून आणा, तोवर माझं नाव भिंतीवर लावायचं नाही. मागच्या टेबलावरून मार्गोची नात उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. मग सगळा हॉल उभा राहिला. बेकरीवालासुद्धा. मार्गो रडत होती आणि हसतही होती, आणि हे हसणं नुसतं तोंडावरचं नव्हतं.

टाळ्या थांबल्यावर क्रीडाप्रमुखाने चाचरत विचारलं, नव्या फलकावर लिहायचं काय? रोंडाने नॅपकिनने डोळे पुसले.

"वर माझं नाव राहू द्या. खाली लिहा, मोजणी बिनचूक होती. मोजणारी, मार्गो डेगन."