आठव्या डॉक्टरीणबाई

खोटं कशाला सांगू, माझ्या ताईच्या लेकीने सात डॉक्टर दमवले. बावीस वर्षांची पोर, चार महिने ना धड जेवण, ना झोप. जो तो जुना कागद बघून ताईला सांगायचा, "ऑटिझम आहे ना, मग असंच चालायचं."

आठव्या डॉक्टरीणबाई पोरीला म्हणाल्या, "माझ्याकडे बघ आणि तूच सांग."

"बघू की सांगू? एका वेळी एकच जमेल."

बाईंनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग पोर अशी बोलली, की घड्याळसुद्धा टिकटिक थांबवून ऐकत बसलं. कामावरची एकुलती एक मैत्रीण नोकरी सोडून गेली होती आणि ही आतल्या आत कुढत होती.

ताईने डोळे पुसले. "अगं, मला का नाही सांगितलंस?"

"तू डॉक्टरांना विचारत होतीस."