एक सेंट कमी

"एकोणपन्नास," नदीन म्हणाली.

"पन्नास भरायला हवेत. पुन्हा मोज." वडिलांनी भिंगावरून डोळाही काढला नाही. त्यांचा एक हात नेहमीसारखा स्वेटरच्या खिशात होता.

तिने कागदी नळी पुन्हा टॉवेलवर रिकामी केली. रविवारची दुपार होती. खिडकीबाहेर डुलुथ शहराच्या बंदरात खनिजाचं जहाज शिरत होतं. तिच्या वाटचा वेलदोड्याचा पाव बशीत तसाच पडला होता. बोटांना तांब्याचा वास लागला की तिला काही खाववत नसे.

दर आठवड्याला हेच. तिचे वडील, व्हर्लिन कोस्केला, शुक्रवारी बँकेतून सेंटच्या नळ्यांची पेटी आणायचे. एकेक नाणं भिंगाखाली धरायचे. मागे गव्हाच्या लोंब्या असलेलं जुनं नाणं निघालं की ते डब्यात टाकायचे आणि त्याच्या जागी बरणीतलं एक साधं नाणं घालायचे. रविवारी मुलीने यायचं आणि तो सगळा ढीग मोजून पुन्हा नळ्यांमध्ये भरायचा, कारण सुटी नाणी कोणी परत घेत नाही, असं ते सांगत. सोमवारी ते एकटेच पूल ओलांडून पलीकडच्या सुपीरियर गावातल्या पतपेढीत जात आणि नळ्या देऊन येत. जिथून आणली तिथेच परत दिली, तर आपलीच नाणी पुन्हा आपल्या वाट्याला येतात.

आणि दर आठवड्याला शेवटची नळी एका सेंटने कमी भरायची.

"एकोणपन्नासच आहेत."

"मग आधीच्या एखाद्या नळीत एक जास्त गेला असेल. उघडून बघ."

"सगळ्या उघडू?"

"कुठली ते मी कसं सांगणार? मोजणारी तू."

"एका सेंटसाठी, बाबा! रस्त्यात पडलेला दिसला तरी त्याच्यासाठी कोणी वाकत नाही."

"मी वाकतो."

"म्हणूनच पाठ धरते तुझी." तिने पर्समधून स्वतःचा एक सेंट काढला आणि टेबलावर आपटला. "घे. झाले पन्नास. मला निघायचंय, उशीर होतोय."

"पाव तरी खा."

"नको. कामं पडलीत."

"बरं. पुढच्या रविवारी ये मग."

"बघू," ती म्हणाली आणि कोटाची बटणं न लावताच बाहेर पडली.

कामं काही नव्हती. घरी जाऊन तिने फ्रीजरमधलं जेवण गरम केलं आणि टीव्हीसमोर बसून खाल्लं. घटस्फोट झाल्यापासून तिच्या सगळ्या रविवार संध्याकाळी अशाच जात. वडिलांना हे तिने कधी कळू दिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी शेजाऱ्याला व्हर्लिन त्यांच्या गाडीच्या दाराशी पडलेले सापडले. नळ्यांची पेटी मागच्या सीटवर नीट ठेवलेली होती.

दफन झालं, चर्चमधल्या बायकांनी आणलेले जेवणाचे डबे धुऊन परत गेले. नदीन कपडे आवरायला बसली. स्वेटरच्या खिशात मूठभर सेंट निघाले. तिने एकेक भिंगाखाली धरला. सगळे अलीकडचे, झिजलेले. ठेवण्यासारखा एकही नव्हता. तिला रागच आला. ज्या माणसाने आयुष्यभर नाणी पारखली, त्याने हा कचरा कशाला जपावा? तिने ते सेंट पुन्हा खिशात कोंबले. घरात गारठा होता, म्हणून स्वेटर अंगात चढवला आणि ती पेटी घेऊन निघाली. निदान ही एक कटकट तरी आज संपणार होती.

पतपेढीतल्या बाईने तिला लगेच ओळखलं. "व्हर्लिनची लेक ना? स्वेटरवरून कळलं. फार वाईट झालं हो." मग तिने पेटीतली पहिली नळी उचलली, अंगठ्याने टरकन फाडली आणि नाणी शेजारच्या यंत्रात ओतली.

"हे काय करताय?" नदीनचा आवाज चढला. "मोजून भरल्यात त्या!"

"फोडाव्याच लागतात. मोजायचं काम हे यंत्र करतं." बाईने दुसरी नळी फाडली. "किती वर्षं मी सांगत होते त्यांना, बादलीत घालून सुटीच आणा. कशाला एवढा खटाटोप?"

"मग काय म्हणायचे ते?"

"हसायचे. म्हणायचे, माझ्या लेकीसमोर हे बोलू नका हं."

यंत्र खडखडत राहिलं. नदीनचा हात खिशातल्या सेंटांवर गेला आणि तिथेच थांबला. बाईने तिसरी नळी उचलली.

"राहू द्या," नदीन म्हणाली. "त्या मला परत द्या."

ती पूल ओलांडून वडिलांच्या घरी आली. टेबलावर टॉवेल पसरला. उरलेल्या सगळ्या नळ्या फाडून त्यांचा ढीग केला आणि पहिल्यापासून मोजायला बसली. दुपार कलली. बोटांना तांब्याचा वास लागला. आज तिने त्याच बोटांनी वाटेत घेतलेला वेलदोड्याचा पाव मोडून खाल्ला.

शेवटची नळी भरताना तिने ढिगातला एक सेंट उचलला आणि गुपचूप खिशात टाकला.

"एकोणपन्नास," ती भिंगामागच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "पुन्हा मोजते. मला कुठेही जायचं नाहीये, बाबा."