दोन इंजिनांची ट्रायल

"आणि एक इंजिन बंद पडलं तर?" शिंप्याने विचारलं. हा त्याचा चौथा प्रश्न. प्रश्न एकूण सात होते आणि ते लिहिलेला कागद कोटाच्या आतल्या खिशात होता.

"म्हणून तर दोन घ्यायची, साहेब," विक्रेता म्हणाला. "एका इंजिनाचं स्वस्तात पडतं, पण खाली समुद्र असला की दुसऱ्याचा फार आधार वाटतो. नऊ माणसं बसतात, आखूड धावपट्टीवर उतरतं. पहिल्यांदा विमान घेणाऱ्याला यापेक्षा गरीब स्वभावाचं मिळायचं नाही."

शिंप्याने जाणकारासारखी मान डोलावली. अंगातला राखी सूट एका गिऱ्हाइकाचा होता. ते ट्रायलला येतो म्हणून जे गेलं, ते चार वर्षांत उगवलं नव्हतं.

विमान सोडाच, विमानाचं एक चाकही शिंप्याला आणि त्याच्या शेजारी उभ्या बायकोला परवडणारं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी समोरच्या बेटावर राहत होती. पहिलं बाळंतपण, नवरा दूर कुठेतरी जहाजावर, आणि डॉक्टरांनी आज चार वाजता ऑपरेशन करायचं ठरवलेलं. बेटावर जाणारी एकुलती एक बोट इंजिन उघडून धक्क्याला पडली होती. आठ दिवस फेरी बंद. रडून झाल्यावर शिंप्याच्या बायकोच्या हाती जुन्या वर्तमानपत्रातली जाहिरात लागली होती: विमान बघा, उडवून बघा, मग ठरवा.

"आम्हाला बेटावर हॉटेल काढायचंय," शिंपी म्हणाला. "पाहुण्यांना आणायला-सोडायला विमान हवं. तेव्हा चाचणी तिथेच झाली तर बरं. आजच."

विक्रेता दोघांकडे बघत राहिला. त्याची नजर कोटाच्या बाहीवर जरा रेंगाळली.

"त्याच बेटावर?"

"का, जमणार नाही?" बायकोचा आवाज चिरकला.

"न जमायला काय झालं? टाकी भरलेलीच आहे."

छोट्या विमानात बसण्याआधी माणसांचंही वजन करतात, हे काही त्या दोघांना ठाऊक नव्हतं. "तुम्ही तिकडे तोंड करा आधी," बायकोने नवऱ्याला बजावलं, आणि पोटाशी पिशवी धरून ती काट्यावर चढली. पिशवीत झबली आणि दुपटी होती. विक्रेत्याला तिने कागदपत्रं म्हणून सांगितलं होतं. वजन बघून विक्रेता म्हणाला, "कागदपत्रं बरीच दिसतायत," आणि बाई एकदम खूश झाल्या.

विमानाच्या शेपटीजवळ मोठा कागद चिकटवलेला होता. शिंप्याने सवयीने कागदाची कड चाचपली.

"हात नका लावू, रंग ओला आहे," विक्रेता म्हणाला. मग थर्मास आणि पुस्तक असलेली आपली झोळी मागच्या सीटवर टाकून तो स्वतःच विमान चालवायला बसला.

विमान वर गेलं. बायको डोळे घट्ट मिटून बसली. शिंपी मात्र खिडकीला नाक लावून असा रमला, की सहावा प्रश्न विचारायला त्याला कोपराने ढोसावं लागलं.

"हां! विकत घेतलेलं बरं, की भाड्याने?"

"वर्षाला दोनशे तास तरी उडणार नसाल, तर विकत घेऊच नका," विक्रेता मागे न बघता म्हणाला. "लागेल तेव्हा भाड्याने घ्या. उभं विमानसुद्धा खर्च मागतं."

शिंपी चाट पडला. आपल्याच मालाला नको म्हणणारा दुकानदार त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"किती सरळ माणूस आहे हो," बायको त्याच्या कानात कुजबुजली. "मला नाही बाई बरं वाटत. पाप लागेल आपल्याला."

"आधी आजी हो. पापाचं मग बघू."

तीन वाजून दहा मिनिटांनी चाकं टेकली. धावपट्टीच्या कडेला एक ॲम्ब्युलन्स उभी होती आणि आठ-दहा माणसं टाळ्या वाजवत होती. खाली उतरल्याबरोबर बायकोचा बांध फुटला.

"आम्हाला विमान नकोय हो! मुलीचं ऑपरेशन आहे चार वाजता. आम्ही फसवलं तुम्हाला."

विक्रेता हसला. "ठाऊक होतं, काकू. हॉटेलवाल्याच्या बाहीला कच्चा टाका नसतो."

शिंप्याने बाही बघितली. पांढरा दोरा मनगटापर्यंत लोंबत होता. चाळीस वर्षांच्या धंद्यात असा गलथानपणा त्याच्या हातून झाला नव्हता.

"पण मीही काही फार खरं बोललो नाही," असं म्हणत विक्रेत्याने शेपटीजवळचा कागद ओढला. रंग केव्हाच वाळला होता. खाली बेटावरच्या इस्पितळाचं नाव होतं. "विमान गेल्याच आठवड्यात विकलं. आज इथे पोचतं करायचं होतं. रिकामाच येणार होतो, म्हटलं सोबत होईल. जा आता, ही ॲम्ब्युलन्स इस्पितळातच चाललीय. मुलगी वाट बघत असेल."

शिंप्याने त्याचे दोन्ही हात धरले. या माणसाला आयुष्यभर कपडे शिवून दिले तरी थोडेच, असं त्याला वाटलं.

"अहो, पण तुम्ही?" बायकोने विचारलं. "विमान तर इथेच राहणार."

"माझी काळजी नको, काकू." विक्रेत्याने झोळी खांद्याला अडकवली. "मी आपला पाचच्या बोटीने निवांत परत जाईन. धक्का कुठल्या बाजूला, तेवढं सांगा."