धुतलेली तंबाखू

वनमालाबाई पंपरूममागे मशेरी लावून वर आल्या, तर त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांचा मुलगा तंबाखू शिजवत होता. तीही पुरणाच्या पातेल्यात.

भांडुपच्या त्या घरात दिवाळीपासून तंबाखूला बंदी होती, आणि ती घातली होती याच सुशांतने. मशेरी भाजली की घरभर वास सुटतो, शेजारी नाकं मुरडतात, लहान पोर आहे घरात, तंबाखू म्हणजे विष! एवढं भाषण ठोकून त्याने आईचा मशेरीचा तवा भंगारात घातला होता. तेव्हापासून सदुसष्टाव्या वर्षी वनमालाबाई विकतच्या मशेरीची डबी कमरेला खोचून चार मजले खाली जात आणि चोरासारख्या पंपरूमच्या आडोशाला उभ्या राहत.

आणि आता हा शहाणा मोबाइलमध्ये व्हिडिओ बघत पानं उकळत होता. संध्याकाळी ऑफिसातले मित्र हुक्का ओढायला येणार होते. काळं पाणी त्याने सिंकमध्ये ओतलं. नवं घातलं, उकळलं, तेही ओतलं. वनमालाबाईंना हसावं की रडावं कळेना.

"काय रे ह्या? तंबाखू धुतंस? मगे उरलां काय, चोथो?"

"आई, तुला नाही कळणार. कडवटपणा काढायचा असतो. ही तुझ्या मशेरीसारखी घाण नाही, फ्लेवर्ड आहे."

फ्लेवर्ड म्हणे! चोथ्यावर त्याने काकवी ओतली, ग्लिसरीन ओतलं, वर स्ट्रॉबेरीचा लालभडक इसेन्स. घरभर आइस्क्रीमच्या गाडीचा वास सुटला. "काय मस्त सुगंध येतोय रे!" सून श्रुतिका बाहेरून ओरडली. मशेरीच्या वासाने तणतणत खिडक्या उघडणारी ती हीच. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय! वनमालाबाईंनी तोंड फिरवलं आणि तांदळाचं ताट घेऊन खाली बसल्या.

सुशांतने तो लाल लगदा जॅमच्या रिकाम्या बरणीत भरला, निवायला ओट्यावर उघडाच ठेवला आणि मित्राचा फोन आला म्हणून गॅलरीत गेला.

वनमालाबाईंनी सहज मान वर केली. सहा वर्षांची निधी स्टुलावर चढली होती आणि तिचं बोट तोंडात होतं.

ताट उलटलं, तांदूळ घरभर झाले. वनमालाबाईंनी नातीला काखेत धरून सिंकशी नेलं. "थुक! सगळां थुक!" त्यांनी तिला चुळांवर चुळा भरायला लावल्या. जीभ पदराने पुसून काढली.

आवाज ऐकून सुशांत धावत आला. बरणी बघून त्याचा चेहरा पांढरा पडला, पण ताठा काही जाईना.

"थोडीशीच लागली असेल गं. दोनदा धुतलीय मी."

वनमालाबाईंनी कमरेची डबी काढली आणि त्याच्या बरणीशेजारी आपटली.

"माझ्या मशेरीक अख्ख्या जल्मात एका पोरान तोंड लावूक नाय."

निधीने मनगटाने ओठ पुसले आणि आशेने बापाकडे बघितलं.

"बाबा, पण मस्त लागतं. अजून दे ना."