बिनव्याजी वर्ष

"फुकट पैसे कोण देतंय गं पोरी? कार्डवाला काय तुझा सोयरा हाय?"

मुलाच्या आईनं, महादेवीबाईंनी, हातातली सुशीलाची बशी खाली ठेवली. फोडणीचे चुरमुरे तसेच राहिले.

पुनमच्या वडिलांनी, अण्णारावांनी, डोळेच मिटून घेतले. जळकोटच्या या घरी मुलगी बघायला आलेलं हे तिसरं स्थळ. आधीची दोन कर्जाचं नाव निघताच चपला घालून निघून गेली. शिकलेली सून हवी, पण तिच्या शिक्षणाचा खर्च दुसऱ्यानं सोसलेला हवा, अशी ती माणसं. म्हणून या खेपेला घरच्यांनी पुनमला बजावलं होतं, पगार सांग, कर्ज सांगू नको. आणि महादेवीबाईंनी "पगारातलं हातात काय उरतं?" एवढं विचारायचा अवकाश, पोरीनं सगळं सांगून टाकलं. फिजिओथेरपीच्या शिक्षणाला काढलेलं कर्ज. लातूरच्या दवाखान्यातल्या नोकरीवर चाललेली फेड. आणि ते क्रेडिट कार्ड.

"फुकट न्हाई मावशी," पुनम म्हणाली. "फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. व्याज लई. हप्ता भरून भरून मुद्दल जागच्या जागी. कार्डवाल्यांनी एक वरीस बिनव्याजी दिलं. ते उचललं आन् फायनान्सचं मिटवलं. आता भरते ते मुद्दलातच जातंय."

"मंग त्यांना काय मिळतंय?"

"आधीच फी कापून घेतली की. आन् माणूस कधी चुकतंय, वाट बघत बसतात. एक हप्ता चुकला तर सवलत गेली. मंग फायनान्सवाला बरा होता म्हणायची पाळी."

आईनं मागून चिमटा काढला. पुनमनं दंड चोळला, पण बोलायची थांबली नाही.

महादेवीबाई सतरंजीवर पुढं सरकल्या. त्यांच्या गावी, मुखेडच्या बाजारात, या बाईला येताना बघून भाजीवाले आधीच भाव उतरवून ठेवायचे.

"त्या कार्डावर साडी घेतलीस?"

"न्हाई."

"मोबाईल?"

"न्हाई. नवं काय घेतलं की त्याला व्याज लागतं. कार्ड कपाटात हाय. त्याच्यात नुसतं भरायचं, घ्यायचं काहीच न्हाई."

"वरीस सरलं आन् फिटलं न्हाई तर?"

"फिटंल. दिवाळीला शेवटचा हप्ता. पण तवर माझा पगार त्यातच जाणार, मावशी. लग्न झालं तरी. ते जमत असंल तरच पुढचं बोला."

"ताई, पोर भोळी हाय," अण्णाराव घाईनं म्हणाले. "आमी करतो कायतरी. लग्नाआधी समदं मिटवतो."

"बापू, मी घेतलंय," पुनम वडिलांना म्हणाली. "मीच फेडणार."

आता संपलं, असं सगळ्यांनाच वाटलं. मुलाचे मामा चंद्रप्पा टोपी सारखी करत उठलेच. "चल अक्का. एसटी चुकंल. पोरगा आपला इंजिनिअर, पुण्यात शिकलेला. त्याला काय पोरींचा तोटा? ह्या भानगडीत कशापायी पडायचं?"

"तू बस खाली. तीनदा सुशीला वाढून घेतलास, तवा न्हाई एसटी आठवली?"

चंद्रप्पा बसले.

इतका वेळ मुलगा, दयानंद, मान खाली घालून होता. त्याला जे जे विचारलं गेलं, त्याची उत्तरं आईनंच दिली होती. नोकरी कुठं, नांदेडला. खोली कशी, भाड्याची. फायनान्सचं नाव निघालं तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली. तेव्हापासून तो पुनमकडंच बघत होता. बघायला आलेली पोरं बघतात तसं नव्हे. पाण्यात पडलेला माणूस काठाकडं बघतो, तसं.

महादेवीबाईंनी पदर खोचला. पुनमनं मनाशी ठरवलं, गेले तर जाऊ देत. उद्या सकाळी लातूरला ड्युटी आहे.

"आजवर सात पोरी बघितल्या," महादेवीबाई म्हणाल्या. "साती जणींच्या घरी कर्जाचं इचारलं. समद्यांनी एकच सांगितलं, आमच्यावर कुणाचं काय देणं न्हाई. मी बी, आमच्यावर बी न्हाई, म्हणून मान हलवून आले." त्या लेकाकडं वळल्या. आवाज तोच, धार तीच. "ऐकलास न्हवं नीट? पोरीनं चारचौघांत तोंड उघडलं. आता तुझ्या शिक्षणाचं किती देणं हाय, ते तू तुझ्या तोंडानं सांग. आन् ते बी असंच फिटंल का, हिलाच इचार."